माळव्याचा काळा दगड वाचणारा माणूस : विल्यम ब्लॅनफर्ड

देवास/धार : नवरात्रात देवासच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. मोठी माताजी तुळजाभवानी आणि छोटी माताजी चामुंडा, दोघींचं दर्शन घेऊन खाली उतरताना गर्दीत कुणीतरी हमखास म्हणतं, ही टेकडी म्हणजे जुना ज्वालामुखी आहे, आत अजून आग आहे. कुठे भूकंपाचा धक्का बसला की लगेच मोबाईलवर मेसेज फिरतात, टेकडी जागी होणार म्हणून. धार, मांडू, बाघकडेही असंच काहीबाही ऐकू येतं. महाराष्ट्रातल्या आपल्या वाचकांनी सातमाळ्याच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरांबद्दल हेच ऐकलेलं असेल. दगड एकच आहे, त्यामुळे अफवाही एकच.

या अफवेचं उत्तर जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने लिहून ठेवलेलं आहे. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे त्यांचं नाव. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ते ठळक आहे, पण ज्या मातीत त्यांनी काम केलं तिथे फारसं कुणाला माहीत नाही. खरा जिवंत ज्वालामुखी कुठे होतो, का होतो, आणि आपल्या माळव्यात तो का नाही, हे समजून घ्यायचं तर या माणसाच्या प्रवासाच्या मागे मागे जाणं हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

पेढीवरून खाणींच्या शाळेत

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ चा, लंडनचा. शिक्षण ब्रायटन आणि पॅरिसच्या खाजगी शाळांत झालं. घरच्यांचा विचार होता की मुलाने व्यापारात जावं. त्याप्रमाणे इटलीतल्या चिवितावेक्किया या बंदराच्या गावी एका पेढीवर त्यांनी दोन वर्षं काढली. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांना ही गोष्ट वाचून जरा बरं वाटतं. जमाखर्चाच्या वह्या शिकलेला माणूसही दगडांकडे वळू शकतो!

१८५१ साली ते लंडनला परतले. तिथे खाणकामाचं सरकारी विद्यालय नुकतंच उघडलं होतं आणि धाकटा भाऊ हेन्री त्यात आधीच दाखल झाला होता. भावाच्या मागोमाग हेही गेले. नंतर जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाणशाळेत एक वर्ष काढलं. मग दोघा भावांना भारताच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्यात नोकरी लागली आणि १८५५ साली ते कलकत्त्यात उतरले. खात्याचे प्रमुख तेव्हा थॉमस ओल्डहॅम होते. पुढे हेन्री हवामानशास्त्राकडे वळले आणि भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. म्हणजे एका भावाने आपलं आभाळ वाचलं, दुसऱ्याने जमीन.

पहिली कामगिरी ओडिशातल्या तालचीरची, कोळसा शोधण्याची. तिथे १८५६ साली त्यांना बारीक चिखलाच्या थरात मोठमोठे गोटे अडकलेले दिसले. वाहत्या पाण्याने मोठे गोटे आणि बारीक गाळ एका जागी टाकला असता तर तो असा नसता. म्हणून त्यांनी आणि सोबत्यांनी अंदाज बांधला की हे गोटे बर्फाने वाहून आणलेले असावेत. ओडिशाच्या उकाड्यात बर्फ! तेव्हा पटायला अवघड होतं, पण नंतर तसेच थर दुसरीकडेही मिळत गेले. या गोट्यांकडे आपण शेवटी परत येऊ.

ब्रह्मदेशातला पोपा डोंगर

त्यानंतर राणीगंजच्या कोळसापट्ट्याचं काम झालं आणि १८६० च्या सुमारास ब्लॅनफर्ड ब्रह्मदेशात गेले. खालचा ब्रह्मदेश इंग्रजांकडे होता, वरच्या भागात राजा मिंडोनचं राज्य होतं. त्या वरच्या भागात, पगानच्या जुन्या देवळांपासून साधारण ५० किलोमीटरवर, पोपा नावाचा सुमारे दीड हजार मीटर उंचीचा डोंगर सपाट मुलखातून एकटाच वर आलेला आहे. तिथले लोक त्याला देवस्थान मानतात, पायऱ्या चढून दर्शनाला जातात. आपल्या देवासच्या टेकडीसारखंच म्हणा ना.

ब्लॅनफर्ड तिथे जाऊन आले आणि १८६२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्या भेटीची हकीगत छापली. पोपा हा विझलेला ज्वालामुखी आहे. डोंगराच्या माथ्यावर मोठं मुख आहे आणि त्याची एक बाजू फुटलेली आहे. उतारांवर राख, तुकडे आणि लाव्हा यांचे थर एकावर एक साचून डोंगर उभा राहिलेला. ज्वालामुखी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते हेच.

पण पोपा तिथेच का? ब्लॅनफर्ड यांच्या काळी याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आज आहे.

पृथ्वीचं कवच अखंड नाही, ते मोठमोठ्या तुकड्यांत फुटलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात, इंग्रजीत प्लेट. हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने सरकतात. दोन पट्ट समोरासमोर येतात तेव्हा त्यातला जड, म्हणजे बहुधा समुद्राच्या तळाचा पट्ट, दुसऱ्याखाली घुसतो आणि तिरपा खोल जात राहतो. भारताचा पट्ट पूर्वेकडे असाच ब्रह्मदेशाच्या खाली गेलेला आहे. पोपा त्याच रेषेवर आहे. ती रेषा समुद्रातून पुढे अंदमानकडे जाते, आणि तिथलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी आहे. बराच काळ शांत राहून १९९१ साली तो पुन्हा उसळला. त्याच्याही पुढे सुमात्रा आणि जावा, आणि त्या दोघांच्या मधलं १८८३ साली फुटलेलं क्राकाटोआ. सगळे एकाच माळेचे मणी.

घर्षणाने नाही, पाण्याने

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळांना वाटतं, दोन पट्ट घासतात म्हणून दगड तापतो आणि वितळतो. तसं होत नाही. खाली जाणारा पट्ट समुद्राच्या तळाचा असतो, तो आजूबाजूच्या मानाने गारच असतो. शिवाय पृथ्वीच्या पोटात दगडाचा रस भरून ठेवलेलाही नाही. कवचाखालचा प्रावरणाचा थर हा तापलेला असला तरी घट्ट दगडच आहे, कारण वरचं ओझं त्याला वितळू देत नाही.

मग वितळतं कशाने? पाण्याने. समुद्राच्या तळाचा दगड कोट्यवधी वर्षं पाण्यात भिजलेला असतो. हे पाणी ओलाव्यासारखं वरवर नसतं, खनिजांच्या रचनेत अडकलेलं असतं. पट्ट सुमारे १०० किलोमीटर खोल गेला की दाब आणि उष्णतेने ती खनिजं मोडतात आणि पाणी सुटून वरच्या तापलेल्या दगडात शिरतं. त्या खोलीवर कोरडा दगड वितळायला १४०० अंशांपेक्षा जास्त उष्णता लागते. पाणी मिसळलं की तीच मर्यादा कित्येकशे अंशांनी खाली येते. म्हणजे उष्णता आहे तेवढीच, पण दगड वितळू लागतो.

कुल्फीवाला पिंपातल्या बर्फावर मीठ टाकतो, ते आठवा. मीठ बर्फाला तापवत नाही, तरी बर्फ वितळतो, कारण मिठामुळे त्याचा वितळण्याचा अंशच खाली उतरतो. खाली दगडाच्या बाबतीत पाणी हेच काम करतं.

असा तयार झालेला रस म्हणजे शिलारस किंवा मॅग्मा. आजूबाजूच्या दगडापेक्षा तो हलका, म्हणून वर चढतो. वाटेत कवचात थांबतो, थोडा निवतो, आजूबाजूचा दगड पोटात घेतो आणि घट्ट, चिकट होत जातो. पाणी आणि वायू मात्र त्यात कोंडलेलेच असतात. पृष्ठभागाजवळ आल्यावर ते एकदम सुटतात, म्हणून असे ज्वालामुखी स्फोटासारखे फुटतात. राख उडते, लाव्हा फार लांब जात नाही, तोंडाजवळच साचतो. त्यातूनच पोपासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर उभा राहतो.

आणि मग आपला मुलूख

ब्रह्मदेशातून ब्लॅनफर्ड पश्चिम भारताकडे आले. मुंबई इलाखा, तापी आणि नर्मदेचं खोरं, बाघचा परिसर, असं त्यांनी काही वर्षं पालथं घातलं. १८५७ ची धामधूम नुकतीच शमली होती. धारचं जप्त झालेलं संस्थान १८६० मध्ये परत मिळालं होतं आणि गादीवर आनंदराव पवार होते. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन घराणी होती. आज धार जिल्ह्यात असलेलं बाघ तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होतं. इंदूरपर्यंत रेल्वे अजून आलेली नव्हती.

पोपा पाहून आलेल्या माणसाने हा मुलूख पाहिला तेव्हा त्याला सगळंच निराळं दिसलं असणार. दगड ज्वालामुखीचाच, यात शंका नाही. काळा, जड, ठिकठिकाणी बुडबुड्यांची भोकं पडलेला. पण शंकू कुठेच नाही. मुख नाही. राखेचे मोठे ढीग नाहीत. आडवे थर मात्र एकावर एक, कोसच्या कोस, जणू कुणी पायऱ्या रचल्यात. या दगडाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. मांडूच्या कड्यावरून निमाडात उतरताना या पायऱ्या आजही बसच्या खिडकीतून मोजता येतात.

ब्लॅनफर्ड यांनी १८६७ आणि १८६९ साली खात्याच्या ग्रंथांत हे सगळं मांडलं. त्यांच्या आधी काही जाणकारांचं म्हणणं होतं की हे थर पाण्याखाली पसरले. ब्लॅनफर्ड यांनी ते उघड्या जमिनीवर वाहिले असं ठरवलं. एक लाव्हा वाहून थंड व्हायचा, त्यावर माती धरायची, तळी व्हायची, गोगलगायी आणि झाडं यायची, मग पुन्हा नवा लाव्हा. दोन थरांमध्ये सापडणारे जीवाश्म याची साक्ष देतात. लाव्हा कुठून आला याच्या खुणा त्यांना भेगांत दिसल्या. खाली नर्मदेकडे, राजपिपळ्याच्या डोंगरांत जुन्या थरांना छेदून उभ्या गेलेल्या दगडी भिंती त्यांना फार मोठ्या संख्येने आढळल्या. लाव्हा डोंगराच्या तोंडातून न उडता जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरला.

देवासच्या टेकडीचं उत्तर इथे आहे. ती याच काळ्या दगडाची, पण ती लाव्हा ओकणारा डोंगर नव्हे. कधीकाळी सगळीकडे त्या उंचीपर्यंत थर होते. ऊन, पाऊस आणि नद्यांनी आजूबाजूचं झिजवून नेलं, जे टिकलं ते टेकडी म्हणून उरलं. तिच्या पोटात आग नाही.

बाघला समुद्र होता

पण हे थर किती जुने? इथे धार जिल्ह्याने मोठी कामगिरी बजावली. बाघ आणि चिराखान भागात ट्रॅपच्या खाली चुनखडीचे आणि वालुकाश्माचे थर आहेत. चुनखडीत समुद्री साळिंदर, शंखशिंपले, अमोनाइट यांचे जीवाश्म मिळतात. समुद्र आज तिथून कित्येक मैल दूर आहे, पण कधीतरी त्याचा फाटा इथवर आलेला होता. कीटिंग या लष्करी अधिकाऱ्याने जमवलेल्या जीवाश्मांवरून १८६५ साली विलायतेत ठरलं की हे थर क्रिटेशस काळातले आहेत. हा डायनासोरांच्या युगाचा शेवटचा मोठा काळ.

ब्लॅनफर्ड यांनी थरांचा क्रम जागेवर तपासला. खाली बाघचा समुद्र, वर काळा दगड. म्हणजे काळा दगड त्यानंतरचा. नागपूरकडच्या जीवाश्मांवरून काहीजण तो पुष्कळ अलीकडचा मानत होते. ब्लॅनफर्ड यांचं मत पडलं की या लाव्ह्याची सुरुवात क्रिटेशसच्या अखेरीला झाली. हातात साधन म्हणून हातोडा, नकाशा आणि डोळे. किरणोत्साराने वय मोजायची पद्धत त्यांच्या हयातीत कामाला आलेलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मापं झाली आणि आकडा आला सुमारे ६.६ कोटी वर्षं. क्रिटेशसची अखेर तीच!

मग हा लाव्हा आला कसा? इथे पट्ट एकमेकांखाली जात नव्हते, म्हणून पाण्याचा हिशोब इथे लागू नाही. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की प्रावरणाच्या खोल भागातून तापलेल्या दगडाचा एक प्रचंड लोट वर आला आणि तेव्हा भारताचा पट्ट त्याच्यावरून सरकत होता. वर येताना दगडावरचा दाब घटला आणि तो वितळला. प्रेशर कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि शिट्टी उचलली की भडभडून उकळतं, तसं. भारत पुढे उत्तरेला निघून गेला, तो लोट मागेच राहिला. आज तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओततो. आपली खरी आग हजारो किलोमीटर मागे राहिली आहे.

अॅबिसिनिया, इराण आणि शेवट

१८६८ साली इंग्रजांची फौज अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, मगदाला किल्ल्यावर चालून गेली. तिच्यासोबत ब्लॅनफर्ड भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून गेले. तिथल्या पठारावर त्यांना पुन्हा तेच आडव्या थरांचे काळे कडे भेटले. त्या थरांना त्यांनी दिलेली अशांगी आणि मगदाला ही नावं पुढेही चालू राहिली. तिथे कवच फाटून दूर होतंय, हे पुढे कळलं. १८७२ साली इराणच्या सरहद्द आयोगाबरोबर ते मकरान किनाऱ्यावरून बलुचिस्तानमार्गे तेहरानपर्यंत गेले. मकरानखाली पुन्हा समुद्राचा पट्ट घुसतो आहे, आणि त्या वाटेच्या उत्तरेला बझमान व तफ्तान हे ज्वालामुखी उभे आहेत. म्हणजे पट्ट भिडतात ती जागा, फाटतात ती जागा आणि मधोमध लोट वर येतो ती जागा, तिन्ही या एका माणसाने पायाखाली घातल्या.

दगडांइतकंच त्यांचं लक्ष प्राण्यांवर होतं. एका कोल्ह्याच्या जातीला आजही त्यांचं नाव आहे. भारतातल्या प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथमालेचं संपादन त्यांनी केलं. मेडलिकॉट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारताच्या भूगर्भशास्त्राचा ग्रंथ १८७९ साली निघाला. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले, १८८३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलास्टन पदक मिळालं, १८८८ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. २३ जून १९०५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत उलगडली नाही. भारत आणि आफ्रिकेतले जुने जीव आणि दगड इतके सारखे कसे? त्या काळच्या इतरांसारखंच त्यांनाही वाटायचं की मधली जमीन समुद्रात बुडाली असावी. जमीन बुडाली नव्हती, ती सरकली होती. त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९१२ साली, वेगेनर यांनी हे पहिल्यांदा मांडलं आणि त्यांच्या पुराव्यांत दक्षिणेकडच्या खंडांतले बर्फाने आणलेले गोटेही होते. तालचीरचे गोटे त्यातलेच. भूपट्टांचा सिद्धांत मान्य व्हायला मात्र १९६० चं दशक उजाडलं. ब्लॅनफर्ड यांचा अंदाज चुकला, त्यांची नोंद चुकली नाही. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर खतावणीतल्या नोंदी बरोबर होत्या, ताळेबंद दुसऱ्यांनी मांडला.

आज आपल्याला याचं काय?

दोन गोष्टींसाठी हे महत्त्वाचं आहे.

पहिली, पाणी. १९९० साली देवासला रेल्वेच्या टँकरने पाणी आणावं लागलं होतं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. काळ्या दगडाचा घट्ट थर पाणी धरत नाही. पाणी मिळतं ते भेगांत, आणि एका थराच्या भोकाळ, झिजलेल्या माथ्यात. म्हणून एका शेतात बोअर लागतो आणि शेजारी पाचशे फुटांवरही धूळ निघते. थर समजले तर नुसतं खोल जाण्यात पैसा जात नाही. २००६ पासून देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेततळी खोदायला घेतली, तेव्हा कुठे दगडाशी भांडण थांबलं आणि पावसाचं पाणी वरच अडवणं सुरू झालं. जळगाव, बुलढाणा, औरंगाबादकडे राहणाऱ्यांनाही हा धडा तसाच लागू आहे.

दुसरी, बाघ-कुक्षीचे जीवाश्म. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पट्ट्यातून डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. त्याच वर्षी बातमी आली की पाडल्या गावात कुलदैवत म्हणून पूजले जाणारे गोल दगड प्रत्यक्षात डायनासोरांची अंडी आहेत. पूजेमुळे ती टिकली, हे बरंच झालं. पण ज्याला कुणी शेंदूर लावला नाही, त्या दगडाचं काय? माळव्यात ज्याला गिट्टी म्हणतात आणि महाराष्ट्रात खडी, त्यासाठी खदानीत काय काय फुटतं याची वही कुणी ठेवत नाही. ब्लॅनफर्ड यांचं सगळं म्हणणं थरांच्या क्रमावर उभं होतं. थरच फोडून रस्त्यात गेला तर पुढच्या माणसाने तपासायचं काय?

पुढच्या नवरात्रात टेकडी उतरताना कुणी म्हणालंच, आत आग आहे म्हणून, तर त्याला सांगा, आग कधीच रियुनियनला राहिली. आपल्याकडे उरलाय तो तिने लिहिलेला कागद, आणि तो नीट ठेवणं आपल्या हातात आहे.